येऊ द्या, येऊ द्या

इंदापुरात कुणाचीही गाडी रिव्हर्सला पडू द्या, तिच्यामागं शब्बीरभाई उगवलेच म्हणून समजा. गाडी कुणाची, ड्रायव्हर कोण, त्याला मदत हवीय का, असले किरकोळ प्रश्न त्यांना पडत नाहीत. हातातलं काम टाकायचं, अनवाणी रस्त्यावर यायचं आणि दोन्ही हात उंच करून सुरू. "येऊ द्या, येऊ द्या, उजवं घ्या, अजून उजवं... बास." शेवटी गाडीच्या पाठीवर दोन थापा. थापा पडल्याशिवाय गाडी लागली असं ते धरत नाहीत. हल्ली गाड्यांना मागं कॅमेरा असतो, असं मी एकदा सुचवून पाहिलं. म्हणाले, "कॅमेऱ्याला हात हायत का, अप्पा?"

अप्पा म्हणजे मी. एसटी स्टँडमागच्या गल्लीत माझं नळ-पाइपांचं दुकान आणि त्यांचं मोटारसायकलच्या सीट कव्हरांचं, भिंतीला भिंत. त्यामुळं हा माणूस मला दिवसभर आणि फुकट मिळतो. गिऱ्हाईक गाडीवर कसं बसतंय ते बघून त्याचं घरात किती चालतं हे ते मला हळूच सांगतात, आणि ते हटकून चुकतं. एक निरीक्षण मात्र मलाही पटलंय. ज्याला सीटवर सोनेरी दोऱ्यानं 'किंग' लिहून हवं असतं, त्याला घरून फोन आला की तो उभा राहून बोलतो.

त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे "काय न्हाय होत." मशीनची सुई बोटातून आरपार गेली, रक्त कव्हरावर ठिबकतंय, आणि हे म्हणाले, काय न्हाय होत, कव्हर लालच हाय. जमीलाभाभी त्यांना धरून दवाखान्यात न्यायला निघाल्या, तर वाटेत एक टेम्पो मागं येत होता. मग काय विचारता! फडकं गुंडाळलेला हात वर करून आधी टेम्पो लावला, मग टाके घालून घेतले.

आणि याच माणसाशी त्याची पोरगी बोलत नव्हती.

रेश्मा, एकुलती एक. बारामतीच्या एका कॉलेजात शिकवते, सासरही तिथलंच. तिच्या लग्नाला मी होतोच. पोरगी सासरी निघाली की आपल्याकडच्या पुरुषांना अचानक किती कामं आठवतात, ते कधी बघा. कुणी पातेली उचलतो, कुणी आचाऱ्याशी भांडण काढतो, कुणी उगाच मंडपाची दोरी ओढून बघतो. डोळ्याला पाणी यायच्या आत हाताला काम पाहिजे. शब्बीरभाईंच्या नशिबानं नवरीची गाडी अडचणीत लागली होती, आणि मागं उसाची ट्रॉली. त्यांना लॉटरीच लागली. रेश्मा खिडकीतून डोकं काढून "अब्बा, अब्बा" करतेय आणि अब्बा मागं उभे राहून "येऊ द्या, येऊ द्या." गाडी मोकळी झाली, दोन थापा पडल्या, आणि वर ड्रायव्हरला म्हणाले, "बास. काढ आता."

गेली पोरगी. पुढं तिनं फोनवर एकदाच विचारलं, त्या दिवशी तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, का? शब्बीरभाई म्हणाले, "थांब, अम्मीला देतो." फोन त्यांनी आयुष्यभर असाच हाताळलाय. पोरीनं हॅलो म्हटलं की अम्मीला देतो. पण या वेळी ते तिच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून ती फोन करायची तो हे दुकानात असताना, थेट भाभींना. ईदला आली, शीरखुर्म्याची वाटी यांच्यापुढं ठेवली आणि आत निघून गेली. हे सगळं मला भाभींनी सांगितलं. शब्बीरभाईंना विचारलं तर काय न्हाय होत. पण त्या दिवसांत ते सीटची शिवण उसवून पुन्हा घालत बसायचे, आणि ते काही मला बघवेना.

मार्चच्या तोंडावर जावयानं घरच्या ग्रुपवर कॉलेजची नोटीस टाकली. महिला दिनाला दरवर्षी बायकाच नाचतात आणि बायकाच चहा देतात, म्हणून यंदा कॉलेजातल्या बाईंच्या घरातल्या पुरुषांनी मित्रांना घेऊन स्टेजवर यायचं. विषय 'आजचा पुरुष'. नुसत्या अंगानं हसवायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही. भाषणं पुरुष वर्षभर करतातच, असंही खाली लिहिलं होतं. ती ओळ रेश्माचीच असणार.

शब्बीरभाई म्हणाले, आपण जायचं. मी म्हटलं, भाई, पोरीशी एक वाक्य तुम्हाला धड बोलता येत नाही, आणि भरल्या हॉलसमोर काय करणार?

"तितं बोलायचंच न्हाय ना, अप्पा," ते म्हणाले. "म्हणून तर."

तिसरा गडी दत्ता पैलवान, लोणी भापकरचा. एके काळी कुस्त्यांची मैदानं गाजवलेली, आता एमआयडीसीतल्या डेअरीत दुधाचे क्रेट उचलतो. कान मुडपलेले, मन मेणाचं, आणि स्वतःचा टेम्पो. तालीम माझ्या गोदामात सुरू झाली. तालीम कशाला हवी, घरात करता तेच तिथं करा, असं आमची मंडळी म्हणाली आणि तिनं सुचवलेलाच आयटम सगळ्यात झकास बसला. नवरा स्वयंपाकघरात मीठ शोधतो. सगळे डबे उघडतो, सांडतो, बायकोच्या नावानं हातवारे करतो, आणि मीठ नाकासमोर. तो मी केला. मला शिकवावं लागलं नाही.

अडचण होती ती शेवटच्या आयटमची. तो शब्बीरभाईंचा. मी गाडी व्हायचं, पैलवानानं ओढणी घेऊन नवरी व्हायचं, आणि भाईंनी गाडी मागं घ्यायची. पण थाप मारायला उचललेला हात मधेच थांबवायचा, वळसा घालून खिडकीशी यायचं आणि नवरीच्या डोक्यावर ठेवायचा. संपलं. एवढंच. ते रेश्मासाठी होतं हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं आणि तिघांपैकी कुणीही ते बोललं नाही. पण प्रत्येक तालमीला हात उचलला जायचा आणि थापच पडायची. हात वळायचाच नाही. पैलवान म्हणायचा, भाई, माझं डोकं हितं हाय. भाई म्हणायचे, काय न्हाय होत, तितं जमंल.

कार्यक्रमाला हॉल गच्च. भाभी गुडघ्यामुळं इंदापुरातच राहिल्या. रेश्मा पंख्याशेजारच्या भिंतीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून. फ्रिजच्या आयटमला लोक लोळले. मी आणि पैलवान न दिसणारा फ्रिज जिन्यानं वर नेतोय, जड झालाय हे दोघंही कबूल करत नाही, शेवटी दोघंही फ्रिजखाली आडवे, तरी अंगठे वर. मग सत्काराचा आयटम. तिघांनी एकमेकांना फेटे बांधायचे, शाली घालायच्या, नारळ द्यायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. हे इतकं हुबेहूब वठलं की पुढच्या रांगेतले दोन पाहुणे उठून स्टेजकडं यायला निघाले.

मग गाडी. पैलवानाला ओढणीत बघून हॉल फुटला. शब्बीरभाईंनी हात वर केले, मी मागं सरकत आलो. नुसत्या हातांनीच उजवं, अजून उजवं, बास. हात उचलला. थांबला. मी तिरक्या डोळ्यानं बघतोय. भाई वळसा घालून खिडकीशी आले, हात अजून हवेतच, आता वळणार, वळणार, आणि धप्प! दोन थापा, त्याही पैलवानाच्या पाठीवर. हॉल हसून बेजार झाला, उभं राहून टाळ्या पडल्या. पहिला नंबर आम्हाला. मी रेश्माकडं बघितलं. ती तिथं नव्हती.

शाल, नारळ घेऊन आम्ही टेम्पोत बसलो. पैलवान स्टेअरिंगला, मधे मी, खिडकीशी शब्बीरभाई. पैलवानानं टेम्पो रिव्हर्सला टाकला, मागं मोटारसायकलींची दाटी, आणि शब्बीरभाई मांडीवरच्या नारळाकडं बघत बसून राहिले. गाडी मागं जातेय आणि हा माणूस खाली उतरत नाही, हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो. मला वाईट वाटलं, आणि भीतीही वाटली.

तेवढ्यात मागून आवाज आला. "येऊ द्या, येऊ द्या, उजवं घ्या, अजून उजवं..."

आरशात रेश्मा. ओढणी कमरेला खोचलेली, दोन्ही हात वर, मान बापासारखीच तिरकी. "बास." टेम्पोच्या पाठीवर दोन थापा पडल्या. पैलवानाचा हात गिअरकडं गेला, तो मी दाबून धरला. ती वळसा घालून खिडकीशी आली. रडून डोळे लाल झाले होते.

"अब्बा," ती म्हणाली.

शब्बीरभाई सवयीनं बोलून गेले, "अम्मीला देतो," आणि शेजारी वळले. शेजारी मी होतो. माझ्या पलीकडं पैलवान, ओठाला अजून लाली. द्यायला कुणीच नव्हतं.

त्यांनी नारळ माझ्या मांडीवर ठेवला, खिडकीतून हात बाहेर काढला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. ठेवला तो तसाच राहू दिला.

पलीकडं एक जीप रिव्हर्सला पडली. ड्रायव्हर मान बाहेर काढून मागं कुणी आहे का बघत होता. शब्बीरभाईंनी तिकडं ढुंकूनसुद्धा बघितलं नाही.