साक्षीदारांची कवायत

न्यायदान हे शिस्तीचे काम आहे, असे मानणाऱ्यांचा कोर्टाशी सहसा संबंध आलेला नसतो. कॅप्टन दौलतराव येळवंडे यांचाही आला नव्हता. ब्रह्मदेशाच्या लढाईतून ते धडधाकट परतले, पुण्यात कायदा शिकले आणि १९५३ साली काळा कोट चढवून चाकणच्या पेठेत वकिलीला बसले. पहिल्या वर्षी तीन अशिले आली. (पैकी एकाला शेजारच्या वैद्याकडे दात काढून घ्यायचा होता.)

फौजेने त्यांना दोन गोष्टी शिकवल्या होत्या: खरे बोलावे आणि ताठ उभे राहून बोलावे. वकिलीत या दोन्हींची सहसा गरज पडत नसल्यामुळे खेडच्या दिवाणी कोर्टात सगळे त्यांच्याकडे कौतुकाने पाहत.

अशात महाळुंग्याची अंबूबाई आली. नवरा वारल्यावर दीर रंगराव याने सामाईक विहिरीवरची तिची पाण्याची पाळी बंद केली होती. एका हंगामाचा कांदा करपून गेला. पुढचा लावायचा, की रान विकून पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर पाट्या उचलायला जायचे, हे निकालावर ठरणार होते. दावा शंभर टक्के खरा होता. (वकिलाला याहून मोठा धोका नाही.)

पहिला साक्षीदार दत्तोबा. त्या विहिरीवर त्याने हयातभर मोट हाकली होती. दौलतरावांनी कचेरीमागच्या अंगणात त्याची आठवडाभर कवायत घेतली. टाचा जुळलेल्या, छाती पुढे, उत्तर एका दमात. तारखेच्या दिवशी दत्तोबा पिंजऱ्यात उभा राहून असा काही कडाडला, की कारकुनाच्या हातची दौत सांडली. अंबूबाईची पाळी मंगळवारी आणि शुक्रवारी, साहेब! एक अक्षर इकडचे तिकडे नाही.

मग रंगरावाचा व्याही उद्धवराव साक्षीला आला. त्याने ती विहीर जन्मात पाहिली नव्हती. पण अंबूबाईची पाळी कधी नव्हतीच, हे सांगताना त्याने डोके खाजवले, उपरण्याने डोळे टिपले, आधी स्वतःच्या मुलाचे वय चुकवले आणि मग दुरुस्त केले. न्यायाधीशांनी त्याला पाणी देवविले. दत्तोबा मात्र पढवलेला दिसतो, असा शेरा त्यांनी मारला.

बाहेर आल्यावर अंबूबाईने विचारले, "सायेब, आमी खरंच बोललो न्हवं? मग?"

 तोफांसमोर न डगमगलेल्या दौलतरावांना स्वतःची मनस्वी लाज वाटली.

पुढच्या तारखेला, अंबूबाईच्या रानातून दरसाल माल उचलणारे कांद्याचे व्यापारी चांदभाई यांची साक्ष होती. दौलतरावांनी अंगणात नवी कवायत सुरू केली. हुकूम होताच थांबणे. हुकूम होताच आवंढा गिळणे. डोके खाजवणे (फक्त उजव्या हाताने, दोन्ही हातांनी खाजवल्यास उवांचा संशय येतो). एक तपशील चुकवणे आणि ओशाळून दुरुस्त करणे.

चांदभाई कुरकुरले. "कॅप्टनसाब, मला तर सगळं साफ आठवतंय. उगाच कशाला विसरू?"

"हुकूम आहे," दौलतराव म्हणाले.

चांदभाई कोर्टात इतके सुरेख अडखळले, की विरुद्ध बाजूच्या वकिलालाच गहिवरून आले. न्यायाधीशांनी निकालपत्रात या साक्षीच्या 'निर्व्याज सहजतेचा' खास गौरव केला आणि पाळी अंबूबाईला परत मिळाली. त्या मंगळवारी तिच्या वाफ्यांत पाणी शिरताना दौलतराव बांधावर उभे होते. त्यांना आनंद झाला, पण तो त्यांनी कोणाला सांगितला नाही.

आठवड्याभरात रंगराव स्वतः त्यांच्या कचेरीत आला. त्याला आता दुसऱ्या भावाचे रान बळकावायचे होते. आमच्या माणसांना चांदभाईसारखे बोलायला शिकवा, एवढेच त्याचे मागणे होते. दौलतरावांनी त्याला हाकलून दिले. तो सरळ खेडला आबाजी वकिलांकडे गेला. आबाजींनी आपल्या अंगणात ही कवायत सुरू करून तिचे नावही 'सत्यकथन वर्ग' असे ठेवले होते, आणि तिथे पहाटेपासून रांग लागत होती.

आता हे वाचून आपण म्हणाल, न्यायाधीशाच्या खुर्चीत मी असतो, तर पहिल्याच दिवशी दत्तोबावर विश्वास ठेवला असता. जरूर म्हणा. फक्त म्हणताना थोडे अडखळा आणि डोके खाजवा, म्हणजे आम्हालाही ते खरे वाटेल.