आपल्याच भिंतीला धडक देण्याचे नियम

माणसाला ज्या गोष्टीची भीती वाटते तिच्यासाठी तो पैसे भरतो, आणि काही वर्षं पैसे भरले की त्याला पैसे भरण्याचीच भीती वाटू लागते. या दुसऱ्या भीतीचा विमा अजून कोणी काढून देत नाही. पहिल्या भीतीचा मात्र आमच्या गावात जवळजवळ प्रत्येकाने काढलेला आहे. घराचं कर्ज घेताना तो काढावाच लागतो, हे एक कारण. विमा एजंट हा आमच्या वेल्डरचा सख्खा मेहुणा आहे आणि तो घरी आला की उठत नाही, हे दुसरं.

गाव लहान आहे. एकशे बारा घरं, चौऱ्याहत्तर गाड्या, एक शाळा. दर वर्षी कंपनीचं पत्र येतं आणि ते इतकं नम्र असतं की हप्ता वाढल्याचं दुसऱ्यांदा वाचल्यावरच समजतं. यंदा घराचा हप्ता बत्तीस टक्क्यांनी वाढला आणि गाडीचा सत्तावीस. कंपनीने कारणंही दिली होती. अग्निशमन केंद्र गावापासून सतरा किलोमीटरवर आहे. (ते गेल्या वर्षीही तिथेच होतं, पण गेल्या वर्षी ते मोजलं नव्हतं.) शिवाय दूरच्या एका किनाऱ्यावर वादळ झालं. (आमच्यापासून समुद्र इतका लांब आहे की मुलांना तो नकाशावर बोट ठेवून दाखवावा लागतो.) आणि गाड्यांचे सुटे भाग महागले.

आगीचं म्हणाल, तर गेल्या तीस वर्षांत गावात तीन गोष्टी जळल्या. एक गवताची गंजी, पोल्ट्रीवाल्याची अर्धी शेड, आणि दूध. यांपैकी दूध वारंवार.

वाढत्या हप्त्याला तोंड कसं द्यावं हे कंपनी स्वतःच सुचवते, हा तिचा मोठेपणा. एक उपाय असा, की नुकसान झालं तर त्यातला पहिला हिस्सा आपण सोसायचा. हा हिस्सा जितका मोठा, तितका हप्ता लहान. आमच्या न्हाव्याने तो वाढवत वाढवत अशा थराला नेला आहे, की उद्या त्याचं सगळं घर जळून गेलं तर हिशेबाप्रमाणे थोडे पैसे तोच कंपनीला देणं लागेल. तो अतिशय समाधानी आहे. दुसरा उपाय म्हणजे गाडी कमी चालवणं. शाळेचे कारकून आता गाडी फक्त रविवारी सुरू करतात, पाच मिनिटं, जागच्या जागी. तेवढा वेळ कुटुंब आत बसून घेतं.

तिसरा उपाय असा, की घर आणि गाडी या दोन्हींचा विमा एकाच ठिकाणी काढायचा. बारा टक्के सवलत मिळते. वेल्डरने हा उपाय केला.

वेल्डरचं घर गावाच्या कडेला आहे. पुढे अंगण, अंगणात कामाची शेड, आणि अंगणाकडे तोंड असलेली त्याच्या आईची खोली. या आईला सगळं गाव आजी म्हणतं. एका मंगळवारी सकाळी वेल्डरने पिकअपमध्ये लोखंडी फाटक चढवलं, गाडी मागे घेतली, आणि आजीच्या खोलीची भिंत डाव्या बाजूने अर्धी आत पाडली. आजी त्या वेळी स्वयंपाकघरात चहा पीत होती. ती कप हातात घेऊनच बाहेर आली. तिने आधी भिंतीकडे पाहिलं, मग पिकअपकडे, मग मुलाकडे.

"हॉर्न तरी द्यायचास," ती म्हणाली.

आजीचा पलंग वहिनीच्या शिवणाच्या खोलीत हलवला गेला. वहिनी म्हणजे वेल्डरची बायको. ती घरी कपडे शिवते. तेव्हापासून गिऱ्हाईक माप द्यायला आलं की आजी पलंगावरून सांगू लागली, "दोन इंच जास्त धर, हिचं वजन वाढतंय." गिऱ्हाइकं कमी होऊ लागली. थंडी तीन महिन्यांवर आली होती आणि त्या आत खोली बंद व्हायला हवी होती. गवंड्याने भिंतीचा जो खर्च सांगितला तेवढे पैसे वेल्डरकडे गेल्या महिन्यापर्यंत होते. गेल्या महिन्यात त्याने त्यातून घराचा आणि गाडीचा हप्ता भरला. म्हणजे भिंतीचे पैसे भिंतीवरच खर्च झाले होते, फक्त विटा आल्या नव्हत्या.

संध्याकाळी मेहुणा बॅग घेऊन आला. बहिणीने पाणी दिलं. चहाचं नाव काढलं नाही.

"दादा, घराचा विमा आहे ना?"

"आहे म्हणजे काय! पूर्ण आहे."

"मग भिंत बांधून मिळेल."

"गाडीच्या धडकेने पडली तर मिळतेच. कलम नऊ. ट्रक असो, ट्रॅक्टर असो, कोणाचीही गाडी असो..." इथे तो जरा थांबला. "फक्त घरमालकाची नको."

"का?"

"अगं, तसं लिहिलंय."

"बरं, मग गाडीचा विमा? त्याचे पैसे तर तूच मोजून नेलेस."

"गाडीचा विमा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान भरून देतो. हे घर भाऊजींचं स्वतःचंच आहे."

वेल्डर इतका वेळ नखातला रंग काढत बसला होता. त्याने मान वर केली. "म्हणजे मी शेजारच्याची भिंत पाडली असती तर?"

"तर त्याला नवी भिंत मिळाली असती, भाऊजी. प्लास्टरसकट."

"मग चूक याचीच आहे," आजी पलंगावरून म्हणाली. "वीस वर्षं गाडी चालवतोय, अजून दुसऱ्याच्या घरावर नेता येत नाही."

"आणि त्या बारा टक्के सवलतीचं काय येतं रे दादा?" वहिनीने विचारलं.

"मनःशांती येते."

वहिनीने त्याच्या समोरचं पाण्याचं भांडंही उचललं.

पुढच्या रविवारी शाळेच्या वर्गात सभा झाली. मोठी माणसं मुलांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसली, आणि लहान बाकांवर बसल्याने असेल, पण सगळ्यांनी विचार अगदी सरळ केला. आपली गाडी आपल्या घरावर आदळली तर काही मिळत नाही. आपली गाडी दुसऱ्याच्या घरावर आदळली तर मिळतं. गाडी आदळते ती बहुतेक वेळा जिथे लावलेली असते तिथून मागे घेताना. यावरून जे निघतं ते निघालं: गावात कोणीही आपली गाडी आपल्या अंगणात लावायची नाही. शेजाऱ्याच्या लावायची. चिठ्ठ्या टाकून अंगणं वाटली गेली. मेहुण्याने पॉलिसीची बेचाळीस पानं दोनदा वाचली आणि याला कुठेही मनाई नसल्याचं जाहीर केलं. कंपनीला ही गोष्ट सुचलीच नव्हती. तिला शेजारी नसावेत.

व्यवस्था सुरू झाली आणि तिचे आकडे आपोआप जमत गेले. आपल्या गाडीपर्यंत पोहोचायला प्रत्येकाला सरासरी चारशे मीटर चालावं लागू लागलं. जिथे गाडी लावली आहे तिथे चहा नको म्हणता येत नाही, त्यामुळे माणशी सकाळचा चहा एका कपावरून अडीच कपांवर गेला. कामावर पोहोचायला पंचवीस मिनिटं उशीर होऊ लागला. पण सगळ्यांनाच उशीर होत असल्याने तो कोणाला जाणवला नाही. नऊ वर्षं एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन भावांना एकमेकांचं अंगण मिळालं. ते आता रोज सकाळी एकमेकांना "किल्ली" म्हणतात. संध्याकाळी "घे" म्हणतात. सुधारणा आहे.

वेल्डरच्या अंगणात पोल्ट्रीवाल्याची जीप आली. पोल्ट्रीवाला मनाने फार चांगला माणूस आहे आणि जीप पुढे अतिशय उत्तम चालवतो.

एकोणिसाव्या दिवशी त्याला ती मागे घ्यावी लागली.

आजीच्या सांगण्याप्रमाणे या वेळी सगळं रीतसर झालं. आधी हॉर्न वाजला, मग भिंत पडली. उरलेली उजवी बाजू आता आत गेली होती आणि आजीच्या रिकाम्या खोलीत जीपचं मागचं चाक उभं होतं. पोल्ट्रीवाला पांढराफटक होऊन दारात आला.

"वहिनी, झालं बघा. देवाशपथ, मुद्दाम नाही हो."

"अहो, मुद्दाम कोण म्हणतंय? बसा आधी."

तो बसला. "सहा वर्षं एकही क्लेम नाही माझा. केवढी सूट मिळत होती." त्याने जीपची किल्ली काढून समोर ठेवली. मग म्हणाला, "गेली ती. फॉर्म आणा, सही करतो."

वहिनीने चहा टाकला. मेहुणा येईपर्यंत पोल्ट्रीवाल्याचे तीन कप झाले होते.

आठवड्याने शहरातून नुकसान मोजायला कंपनीचा सर्व्हेअर आला. स्वच्छ बूट, मोजपट्टी, कॅमेरा, आणि बोलणं इतकं मऊ की नुकसान झालेल्यालाच वाटावं आपण त्याला त्रास देतो आहोत. त्याने सगळ्या बाजूंनी फोटो काढले, जोत्याची लांबी मोजली आणि विचारलं, "म्हणजे ही संपूर्ण भिंत जीपने पडली?"

खोटं बोलण्याची गरजच नव्हती. फक्त थोडा वेळ गप्प राहायचं होतं. वेल्डर आपल्या चपलेकडे बघत होता. पोल्ट्रीवाला आपल्या जीपकडे. मेहुणा छपराकडे. सर्व्हेअरने पेन कागदाला टेकवलं.

"छे," आजी म्हणाली. "डावी बाजू माझ्या मुलाने पाडली, मागच्या महिन्यात. यांनी उजवी."

"मावशी," मेहुणा अगदी हळू म्हणाला, "नीट आठवून बघा. वय झालं की मागचंपुढचं होतं."

"चाळीस वर्षं त्या भिंतीकडे पाय करून झोपले मी. मला विचारतोस? डावीकडे खुंटी होती. ती याच्या पिकअपने गेली. उजवीकडे आरसा होता, तो या जीपने फुटला. आरसा लिहिलात का हो?"

सर्व्हेअरने पेन उचललं. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याला असं उत्तर मिळालं नव्हतं आणि त्याच्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता. त्याने बॅगेतून खडू काढला, जोत्यावर बरोबर मध्ये एक रेघ ओढली आणि रेघेच्या उजवीकडचं सगळं लिहून घेतलं. आरसाही लिहिला.

तो गेल्यावर वेल्डर म्हणाला, "आई, दोन मिनिटं गप्प बसली असतीस तर पूर्ण भिंत झाली असती."

"झाली असती. आणि तिच्याकडे पाय करून मला झोप लागली नसती."

"आता अर्ध्या भिंतीत लागणार का?" वहिनीने विचारलं.

"अर्धी लागेल."

पाच आठवड्यांनी पैसे आले, बरोबर उजव्या बाजूचे. गवंड्याने खडूच्या रेघेपर्यंत विटा लावल्या आणि रेघ आली तशी थापी खाली ठेवली. पोल्ट्रीवाल्याने आपल्या जुन्या शेडचे पत्रे आणून दिले. (घेऊन आला तो पायी, हातगाडीवर. जीप आणू का असं त्याने विचारलं होतं.) वेल्डरने लोखंडी अँगलची चौकट जोडली आणि डावी बाजू पत्र्याने बंद केली. थंडी पडायच्या आधी नऊ दिवस आजी आपल्या खोलीत परत गेली आणि वहिनीची गिऱ्हाइकं परत आली.

त्यानंतर कंपनीचं पत्र आलं. हप्ता आणखी अठरा टक्क्यांनी वाढला होता. नवं कारण असं होतं, की या गावात शेजाऱ्यांचं एकमेकांकडे येणं-जाणं प्रमाणाबाहेर आढळून आलं आहे.

आजीने मेहुण्याला बोलावलं आणि भिंतीवर हात ठेवून एक प्रश्न विचारला. शाळेत माझ्या वर्गातही एवढा चांगला प्रश्न फार क्वचित ऐकायला मिळतो.

"हे पैसे त्या कंपनीने कुठून दिले रे?"

"कंपनी स्वतःचे कशाला देईल, मावशी? तिच्याकडे जे जे हप्ता भरतात त्या सगळ्यांचे. गावोगावचे. प्रत्येकाच्या हप्त्यातून थोडं थोडं येतं. मग तेवढं त्यांच्याकडून पुढच्या वर्षी वाढवून घेतात."

"म्हणजे ही भिंत त्या सगळ्यांची?"

मेहुण्याने कलमं आठवून पाहिली. "तसं म्हणायला हरकत नाही," तो म्हणाला.

तेव्हा यंदा तुमचा हप्ता वाढला असेल, आणि तुमच्या घराला वर्षभरात साधा ओरखडाही आला नसताना तो का वाढला असं वाटून तुम्ही चिडला असाल, तर चिडू नका. तुमच्या विटा इथे आहेत, चांगल्या लागल्या आहेत, गुण्यागोविंदाने आहेत. डाव्या पत्र्याच्या बाजूचं काही निघालं की वेल्डर लगेच बघतो, कारण ती त्याची आहे. उजव्या बाजूला मात्र खालून हातभर ओल चढली आहे आणि रंगही द्यायचा राहिला आहे. त्या बाजूचे मालक कधी येणार, असं आजी रोज विचारते. मी तिला तुमचं नाव सांगून ठेवलं आहे.