चपला काढून बसायची गाडी

गाडीत पहिल्यांदा थंड वारा आला तेव्हा आमच्या अंगणात चौघं होती. आमचे हे, म्हापशाचा आग्नेल, शेजारची शेवंता आणि मी. गाडीला धरलं तर पाच, आणि आमचे हे तिला धरायचेच.

ह्यांची तऱ्हा सांगते. घरात येताना तेलाचे काळे पाय तसेच, सारवलेल्या जमिनीवर पावलं उठायची. गाडीत बसताना मात्र चपला बाहेर काढायच्या, पंच्याने पाय पुसायचे, मग आत. देवळात जातानाही एवढं करायचे नायत.

मी डिचोलीकडची सून. तरुणपणी खाणीवर पाट्या वाहिल्या. तांबडी धूळ छातीत बसली ती बसलीच. माहेर माझं इब्रामपूर. पावसात खाणी बंद असायच्या, तेव्हा जाऊन यायची. पण देवीची जत्रा पाऊस गेल्यावर, आणि त्या दिवशी माहेरवाशिणीने ओटी भरायची असते. तोवर खनिजाचे ट्रक सुरू झालेले. एकदा गेले तर बसच्या खिडकीतून धूळ आत, काच ओढली तर उकाड्याने जीव घाबरा. ओटीचा नारळ हातात घेऊन अर्ध्या वाटेवरून मागे आले. मग गेलेच नाय. माझ्या नावाचा नारळ आई देवळात पाठवायची. ह्यावर मी काय बोलले नाय, ह्यांनीही विचारलं नाय.

हे खाणमालकाचे ड्रायव्हर. मालकाची पोर्तुगिजांच्या वेळची लांबलचक अमेरिकन गाडी काजूच्या झाडाखाली सडत पडलेली. मालक म्हणाला, घेऊन जा. ह्यांनी बैल जोडून ती घरी आणली. मला लग्न करून आणलं तेव्हा पायी चालवत आणलं होतं.

पत्रा ठोकला, रंग दिला, इंजिन धडधडायला लागलं, तरी ह्यांचं मन भरेना. त्या गाडीत मुळात थंड वाऱ्याचं यंत्र होतं, ते गंजलेलं. ते चालू झालं पायजे म्हणजे पायजे. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून मिरच्या आणायला सांगितल्या, तर हे भंगारातला कम्प्रेसर घेऊन आले. कम्प्रेसर म्हणजे गार करणारा पंप. तो जुन्या जागी बसेना. तेव्हा माझ्या खाटेची लोखंडी पट्टी काढून त्याला बूड करून दिलं. खाट एका बाजूला कलली.

"मी आता निजू कशी?"

"जातलें गे, जातलें."

होईल, होईल. सगळ्याला हेच उत्तर. छप्पर गळतं, जातलें. मिरच्या नायत, जातलें.

मग नळ्या जोडल्या. पुढे गॅस गळेल काय बघायला आधी सायकलच्या पंपाने हवा भरून सांध्यांना साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा आला तर गळतंय. साबण माझा अंगाचा. एकेका सांध्यापाशी हे श्वास धरून बघत बसायचे. मी खोकून वाकले तरी असं कोण बघत बसलेलं मला आठवत नव्हतं.

शेवंता कुंपणावरून गाडीकडे बोट दाखवून विचारायची, "वयनी, सवतीक आयज न्हाणयली मगे?"

"न्हाणयली. माझ्याच साबणाने."

गॅस भरायला आग्नेलला बोलावलं. तो म्हापशात मासळीवाल्यांच्या बर्फाच्या पेट्या दुरुस्त करायचा. तेव्हा गोव्यात मराठी की कोंकणी हा वाद चुलीपर्यंत पोचलेला. आग्नेल कोंकणीचा, हे मराठीचे. बॉनेटखाली डोकी घालून दोघे भांडले. भांडले मात्र कोंकणीतच, रागात ह्यांना मराठी सुचत नाय. आग्नेल गॅसचा बाटला उचलून निघून गेला. मला वाटलं, आता तरी माझी पट्टी परत मिळेल.

चार दिवसांनी तो आपणच आला. ह्यांच्याकडे पाठ करून मला म्हणाला, "वयनी, हांव गाडयेखातीर आयलां. ताका सांग."

हे तिथेच, हाताच्या अंतरावर. म्हणाले, "ताका सांग, पयली च्या घे."

च्या झाली, गॅस भरला, इंजिन सुरू केलं. थोड्या वेळाने गाडीखाली पाणी ठिबकायला लागलं. मी म्हटलं, "गळली परत."

"गळूंक ना वयनी," आग्नेल हसला. "थंड जाली."

ह्यांनी धावत जाऊन माझा तांब्या आणला आणि त्या पाण्याखाली ठेवला. शेवंता माझ्याकडे बघत होती. मी बघितलं नाय.

मग हे मला म्हणाले, "बस." मी चपला काढून मागे बसले. वाटलं, आता बाजारात मिरवणार. ह्यांनी काचा वर केल्या आणि गाडी खाणीच्या रस्त्याला घातली. भरलेला एक ट्रक गाठला आणि त्याच्या मागेच चिकटून राहिले. काचेबाहेर सगळं तांबडं, काय दिसेना.

"अहो, पुढे काढा की. जन्म गेला गाडी चालवण्यात."

हे आरशातून माझ्याकडे बघत होते. फेसाकडे बघायचे तसेच, श्वास धरून.

"खोकली येता?"

"नाय."

आणखी थोडं गेलो.

"आतां?"

"नाय हो."

तेव्हा ट्रकला पुढे जाऊ दिलं. म्हणाले, "जत्रेक नारळ घरचो घे."

त्या जत्रेला मी माझ्या आईच्या समोर देवीची ओटी भरली. मग वर्षावर्षाला गेलो. गाडीचा राग काय लगेच गेला नाय. खाट अजून कललेलीच आहे.

आता आई नाय, शेवंता नाय. हे आहेत, पण दम आता ह्यांना लागतो. जत्रेला बसने नेता येत नाय. आणि कम्प्रेसर अडकला तो फिरतच नाय. ह्यांचे हात कापतात, पाना धरवत नाय. तरी सकाळी चपला काढून, पाय पुसून गाडीत जाऊन बसतात. विचारलं तर म्हणतात, जातलें. मला तसं वाटत नाय.

म्हणून तुम्हाला सांगते. कुणाच्या दारात तसली जुनी गाडी पडून असेल, तर भंगारात घालायच्या आधी तिचा कम्प्रेसर आम्हाला द्या. बूड नको. पट्टी आहे.