शाहीर केरबाचा कलात्मक विकास

सन एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात कोल्हापूरचे शाहीर केरबा लोहार यांचा कलात्मक विकास व्हायचा राहून गेला आहे, ही गोष्ट कॅसेट कंपनीचे मालक त्र्यंबकशेठ यांच्या लक्षात आली. तोवर ती कुणाच्याच लक्षात आली नव्हती. खुद्द केरबाच्याही नाही.

केरबा दिवसभर उद्यमनगरात लेथ चालवायचा आणि संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर कवनं रचायचा. डफावर त्याचा जोडीदार आकाराम. मागं उभी राहून झील धरायला, म्हणजे प्रत्येक कडव्याला 'जी रं जी जी' म्हणायला, थोरली बहीण बायडाबाई. बायडाबाईचा आवाज असा, की तिनं मंडईत भाव विचारला तर पलीकडच्या गल्लीतला भाजीवाला उत्तर द्यायचा. या तिघांची पहिली कॅसेट शेठनीच काढली होती. तिच्यात नळावरचं एक कवन होतं:

'नळ बसवला, तोटी बसवली, पाणी येणार सांगा कवा?
कान लावुनी ऐकते वहिनी, आतनं नुसती येते हवा!'

चहाच्या गाड्यांवर, सलूनमध्ये, वडापच्या, म्हणजे शीटवर प्रवासी नेणाऱ्या, जीपगाड्यांत हे कवन वाजू लागलं. केरबाच्या गल्लीतल्या बायका कोरड्या नळापुढं घागरी मांडून ते एका सुरात म्हणू लागल्या. अखेर कंटाळून नळखात्यानं गल्लीत पाणी सोडलं. गाण्यानं पाऊस पडल्याच्या कथा पोथ्यांत सापडतात, पण गाण्यानं नळ सुटल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं.

"केरबा," शेठ म्हणाले, "पहिली कॅसेट रागाची होती. दुसरी विकासाची हवी. कलावंतानं वाढलं पाहिजे."

केरबाशी इतकं गोड कुणी बोललं नव्हतं. कारखान्यात मालक त्याला फक्त 'आवर की' म्हणायचा. "वाडायचं म्हंजे नेमकं काय करायचं, शेठ?"

"सर्वांना सामावून घ्यायचं. कुणाचं मन दुखवायचं नाही."

त्यासाठी गावातल्या प्रतिष्ठितांची 'आशय संवर्धन समिती' नेमण्यात आली. अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक नृसिंहराव. पहिली बैठक शाळेच्या हॉलमध्ये भरली. केरबानं आधी नळाचं कवन म्हटलं. सगळी समिती पोट धरून हसली. मग त्यानं नवं कवन काढलं:

'म्हस देती शेरभर, घागर भरती काठोकाठ;
गोठ्यातनं गिऱ्हाइकाकडं विहिरीवरनं जाती वाट!'

डॉक्टर हसले, वकील हसले, साखर कारखान्याचे संचालक तर खुर्चीवरून घसरले. दूधवाल्यांचे पुढारी तेवढे गंभीर झाले.

"नळाचं फक्कड हाय," ते म्हणाले. "पर दूध हा भावनेचा विषय हाय."

"आशय उत्तम," नृसिंहराव म्हणाले. "तूर्त स्थगित."

केरबानं उसाच्या वजनकाट्यावरचं कवन म्हटलं. दूधवाल्यांचे पुढारी टाळ्या पिटू लागले. संचालकांना मात्र त्यात सहकाराचा पाया हलताना दिसला. दवाखान्याच्या कवनात डॉक्टरांना समाजाचा डॉक्टरांवरचा विश्वास ढासळताना दिसला. सासूच्या कवनानं महिला मंडळाच्या सरोजिनीताई व्यथित झाल्या. त्यांची सून समोरच बसली होती आणि ती मनापासून हसली होती. समितीत एक शिस्त आपोआप पाळली जात होती: प्रत्येक कवन सगळ्यांना आवडायचं, एक सोडून.

केरबा मग माणसं सोडून निसर्गाकडं वळला. त्यानं कावळ्यावर कवन केलं. वकील उठून उभे राहिले.

"काळा रंग आणि दिवसभर काव काव. रोख स्पष्ट आहे."

त्यानं ढगांवर केलं. गडगडाट फार आणि पाणी नाही, हे वर्णन समितीवर नव्यानं घेतलेल्या नळखात्याच्या साहेबांना व्यक्तिगत वाटलं. शेवटी राहिला आरंभीचा गण, म्हणजे देवांना नमन. त्यात जोतिबाचं नाव आधी घ्यायचं की अंबाबाईचं, यावर दोन बैठका झाल्या आणि दोन्ही देवांना तूर्त स्थगिती मिळाली.

केरबाचं लेथवर लक्ष लागेना. दोन दांडे कमी मापाचे कातले गेले. घरी बायडाबाईनं त्याच्यापुढं ताट आदळलं.

"आरं, समिती बसल्यापास्नं तू कवनं लिवायलायस का माफीनामं?"

"आक्का, ह्यालाच विकास म्हनत्यात," केरबा म्हणाला. आणि ताट सारून उठला.

रेकॉर्डिंगचा दिवस आला, प्रकाशन समारंभाच्या पत्रिका वाटून झाल्या, आणि कॅसेटमध्ये काहीच उरलं नव्हतं. तेव्हा नृसिंहरावांनी विचारलं, "झिलेला कुणाचा आक्षेप आहे?"

कुणाचाच नव्हता. दोन्ही बाजूंना 'जी रं जी जी' भरावं, असं एकमतानं ठरलं.

बायडाबाई माइकपुढं उभी राहिली आणि तशीच मागं वळली. "शाहीर काय तरी बोलतोय म्हनून मी जी म्हनते. ह्यो काय बोलनारच न्हाय, तर मी जी कशाला म्हनू?"

"बाई, सगळीकडं असंच चालतं," शेठ म्हणाले.

"चालू दे की. माझं चालायचं न्हाय." ती पायात चपला सरकवून गेली. केरबानं तिला हाक मारली नाही. हाक मारायला तोंड उघडलं असतं तर समितीसमोर रडू फुटलं असतं. त्यानं आणि आकारामनं दोघांनीच झील भरली.

कॅसेट पहिलीपेक्षा जास्त चालली. कचेऱ्यांत साहेबांच्या भाषणानंतर ती लावली जाऊ लागली. साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत अहवालाच्या प्रत्येक कलमाला ती वाजली आणि सभा वेळेआधी संपली. एका समीक्षकानं तिला 'होकाराचे महाकाव्य' म्हटलं. केरबाला शाल मिळाली.

शाल पांघरून तो गल्लीत आला, तर नळ पुन्हा बंद. बायका घागरी घेऊन उभ्या.

धोंडुबाई म्हणाली, "शाहीर, म्हना की ते नळाचं. तुमी म्हनला की येतंय पानी."

केरबानं घसा खाकरला, हात वर केला. तोंडातून निघालं, "जी."

कुणी हसलं नाही. धोंडुबाईनं घागर उचलली आणि ती दुसऱ्या गल्लीत पाण्याला गेली. केरबानं खांद्यावरची शाल काढून काखेत मारली.

मग तो घरी बहिणीपुढं जाऊन उभा राहिला. "आक्का, चुकलं."

बायडाबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "कुटलं कवन आदी घ्यायचं ते सांग."

त्या आठवड्यात हुपरीला जत्रेचा कार्यक्रम मिळाला, विनाकॅसेट, विनासमिती. तिघं एस.टी.च्या मागच्या बाकड्यावर बसून स्थगित कवनांची तालीम करू लागले. दूध झालं, वजनकाटा झाला, दवाखाना झाला, सासू झाली. पुढच्या सीटवरचा इस्त्रीच्या शर्टातला एक पावणा मागं वळून हसत होता. कावळ्याच्या कवनाला तर त्यानं हसून हसून रुमालानं डोळे पुसले.

"शाहीर, झकास हानलासा! एकेकाला असंच सोलाय पायजे. आमच्यासारख्या साध्या मानसांच्या मनातलंच बोललासा."

"एक कवन अजून व्हायचं हाय," केरबा म्हणाला. त्यानं आकारामला डफ थांबवायची खूण केली. "पावणं, तुमी काय करतासा?"

पावण्याचं हसू ओठांवरच राहिलं. त्यानं एकदा बायडाबाईकडं पाहिलं, एकदा डफाकडं. "आमचं काय... साधंच काम हाय," असं पुटपुटत त्यानं पिशवी उचलली, आणि हुपरी यायच्या आतच एका आडरानाच्या थांब्यावर तो उतरून गेला.

सीट रिकामी झाली. इथवर वाचत, हसत आलेल्या कुणीही तिथं बसायला हरकत नाही. केरबाला फक्त धंदा सांगायचा. बाकी यमक तो जुळवून घेईल.