वेंडलचा शेरा

वेंडल क्राउस बावीस वर्षं आमच्या ओहायोतल्या काउंटीचे रस्ते बर्फातून मोकळे करत होता. बर्फ लोटणारी ती अवजड गाडी चालवताना त्याने घरांपुढची, रस्त्याकडेची एकही टपालपेटी पाडली नव्हती. म्हणून वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मवर मी, त्याचा वरिष्ठ, मनापासून एकच विशेषण लिहिलं : गुड.

तिसऱ्या दिवशी मनुष्यबळ विभागाच्या डार्लीन हफमनबाईंनी बोलावलं.

"रॉय, काय केलं हो त्याने? पिऊन गाडी चालवली?"

"छे! काम चांगलं आहे त्याचं."

"बघा, पुन्हा तेच!"

बाईंनी तक्ता पुढे सरकवला. कर्मचाऱ्यांची मनं दुखावतात म्हणून 'वाईट' आणि 'बरं' हे शेरे पूर्वीच रद्द झाले होते. उरले चार : ऑसम, अमेझिंग, ग्रेट आणि तळाला गुड. तळाच्या माणसाला सुधारायला नव्वद दिवस. न सुधारल्यास घरी. वेंडलच्या पेन्शनला आठ महिने उरले होते.

"माझं काय खुपलं रे तुला?" त्याने मला विचारलं.

"काहीच नाही. म्हणून तर लिहिलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेरा बदलून ऑसम करावा, असा अर्ज मी केला. त्यावर समिती बसली. समितीने काम नियमानुसार व्हावं म्हणून जुना शब्दकोश मागवला. ऑसम म्हणजे, मुळात, ज्याच्यापुढे माणूस देवापुढे थरथर कापावा तसा कापतो ते.

"वेंडलची गाडी बघून कोणी कापलंय?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही साहेब. लोक हात हलवतात."

'भीती निर्माण करण्यात अपयश' अशी नोंद झाली. उलट आमचाच दुसरा चालक ब्रेडी टॉलिव्हर याने मागच्या जानेवारीत गाडीने चर्चचा ओटा उडवला होता; त्याची गाडी दिसली की आया मुलांना आत ओढायच्या. त्याचा ऑसम शेरा समितीने एकमताने कायम केला आणि वेंडलला त्याच्या हाताखाली शिकायला पाठवलं.

"काका, एवढं जपून काय चालवता?" ब्रेडी म्हणायचा. "जरा जोर लावा की!"

नव्वदाव्या दिवशीही एकही टपालपेटी पडली नव्हती. सुधारणा शून्य. वेंडल घरी गेला.

निरोपाला केक होता. वर निळ्या साखरेत लिहिलं होतं : ऑसम. हफमनबाईंनी हसत विचारलं, "कसा झालाय?"

वेंडलने शांतपणे घास गिळला. "चांगला आहे."

बाईंनी त्याच संध्याकाळी बेकरी बदलली.

आता मी सगळ्यांना ऑसम लिहितो. रस्त्यावर बर्फ गुडघाभर असतो, पण तक्रार कोणी करत नाही. पाहणीच्या फॉर्मवर नागरिकही तेच लिहितात.

तेव्हा ही गोष्ट कशी वाटली असं कोणी विचारलं, तर कृपा करून 'चांगली आहे' म्हणू नका. मलाही पेन्शन हवी आहे. परवा तुमच्या मेहुण्याचं गाणं संपल्यावर तुम्ही जे म्हणालात, तेच म्हणा.