टिनाची पाटी

बायजाबाईंना वाचता येत नव्हतं, पण मुलाच्या सदऱ्याच्या खिशातून निघालेल्या गुलाबी चिठ्ठीवर आकडे आहेत, एवढं त्यांना बरोबर कळलं. धुणं तसंच टाकून त्यांनी खुंटीवरचा कोट चाचपला. आणखी दोन चिठ्ठ्या. दोन्हींवर आकडे. आकड्यांच्या चिठ्ठ्या खिशात कोण बाळगतो, हे त्या काळी नागपुरात कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. रोज संध्याकाळी पानठेल्यावर मटक्याचा आकडा फुटायचा आणि निम्म्या मोहल्ल्याचं तोंड उतरायचं.

"शामला, तुह्या नवऱ्यानं चहा काहून सोडला वं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"पित्त होते म्हन्तेत जी."

"अन् पान?"

"तेबी पित्तानंच."

"अन् बस सोडून सायकलनं जाते, तेबी पित्तानंच का?"

शामला मान खाली घालून भाजी निवडत राहिली. तिला सगळं ठाऊक होतं, पण सांगायचं नाही असं नवराबायकोचं ठरलं होतं. सून गप्प बसली तेव्हा घरात कुठेतरी पाणी मुरतंय याची बायजाबाईंना खात्रीच पटली. चिठ्ठ्या पदराच्या गाठीला बांधून त्या तडक रुपरावाकडे निघाल्या.

रुपराव दोन घरं सोडून राहायचा. बायजाबाईंच्या मुलाच्या, मनोहररावांच्याच पार्सल ऑफिसात कारकून, आणि त्यांच्या घराच्या कर्जाला जामीनदार. माणूस सरळ, पण संशयी असा की दूधवाल्यानं मापावर थोडं जास्त घातलं तरी हा घरी येऊन आधी दुधात बोट बुडवून पाहायचा.

"पाह्य रे बाबू, कोनचा आकडा लावते हा?" बायजाबाईंनी चिठ्ठ्या पुढे केल्या.

रुपरावानं चष्मा चढवला. "माय, हा मटका नाई. घराच्या कर्जाची पावती हाय सोसायटीची. हप्ता बासष्ट रुपये..." त्यानं चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली. "अन् जादा, चाळीस."

"जादा म्हंजे?"

"म्हंजे कोनी मांगितले नाई तरी देल्ले."

"कोनाले?"

"सोसायटीले!"

त्यापेक्षा मटका परवडला असता, असं बायजाबाईंना वाटलं. निदान लागला तर घरात पैसा तरी येतो.

खरी गोष्ट अगदी साधी होती. मनोहरराव बागड्यांनी नऊ वर्षांपूर्वी सोसायटीचं कर्ज काढून नंदनवनात दोन खोल्यांचं घर बांधलं. त्यांच्या घराण्यातलं पहिलं स्वतःचं घर. पण सोसायटीचा एक नियम होता. गहाण असलेल्या प्रत्येक घराच्या दारावरच्या भिंतीवर सोसायटी एक टिनाची पाटी ठोकायची: 'हे घर सोसायटीकडे गहाण आहे. खरेदी करणाऱ्याने चौकशी करावी.' बायजाबाईंनी त्या पाटीवर नऊ वर्षं कॅलेंडर लटकवलं. पण दर दसऱ्याला गावाकडची, पारशिवनीची मंडळी दीक्षाभूमीवर जायला यायची, मुक्काम इथेच करायची, आणि मनोहररावांचा चुलतभाऊ चंद्रभान उंबऱ्यात उभा राहून कॅलेंडर बाजूला सारायचा, पाटी मोठ्यानं वाचायचा आणि विचारायचा, "काकू, अजून हायच का हे?" बायजाबाई आत जाऊन उगाच चूल फुंकत बसायच्या. ते पाहून मनोहररावांनी तीन वर्षांपूर्वी ठरवलं की मुदतीची वाट बघायची नाही, पाटी काढायचीच. चहा, पान, बस बंद. आईला मात्र सांगितलं नाही. एक तर तिला अचानक दाखवायचं होतं, आणि दुसरं म्हणजे तिला सांगितलेली गोष्ट नळावरची बादली भरायच्या आत सगळ्या गल्लीला कळायची.

संध्याकाळी रुपराव येऊन बसला. शामलानं दिलेला चहाही त्याला गोड लागेना.

"मनोहर भौ, खरं सांग. बिमार हाय का तू?"

"नाई गा."

"बदली झाली?"

"नाई."

"घर इकून राहिला?"

"काहीबी काय बोलतं!"

"मंग जादा पैसे काहून भरून राहिला?"

आतून आई कान देऊन ऐकतेय, हे मनोहररावांना दिसत होतं. ते म्हणाले, "असंच."

"असंच कोनी पैसे भरते का बाप्पा?" रुपराव उठलाच. "सांगाचं नसन तं नको सांगू. पन मी जामीनदार हावो तुहा. मले धोका देजो नको."

घरी जाताना रुपरावाचं डोकं फिरायला लागलं. बिमार नाही, बदली नाही, घर विकत नाही. म्हणजे याला आतली काहीतरी खबर आहे! सोसायटी बुडत असणार. ज्यांचं कर्ज बाकी, त्यांची घरं जाणार, आणि हा शहाणा गुपचूप सुटून चाललाय. रुपरावाच्या स्वतःच्या दारावरही तशीच पाटी होती. दुसऱ्या दिवशी तो सोसायटीचे सेक्रेटरी विश्वनाथ यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

विश्वनाथांनी दार लोटून घेतलं. "रुपरावजी, मीबी तीन सालापासून हाच विचार करून राहिलो. हप्ता चुकवनारा मानूस मले समजते. त्याच्यासाठी वहीत रकाना हाय. जादा भरनाऱ्यासाठी रकानाच नाई. म्हनून मी ते सारे पैसे अनामतमंदी टाकून ठेवले. उद्या पोलिस आले तं काढून देता याले पायजे."

म्हणजे तीन वर्षांचे चाळीस-चाळीस रुपये अनामत खात्यात नुसते पडून होते, आणि व्याज मात्र पुऱ्या कर्जावर सुरूच. कर्ज किती उरलं ते विचारायला सोसायटीत गेलेल्या मनोहररावांनाही विश्वनाथांनी हेच सांगितलं.

"अहो, पन वजा काहून नाई केले?"

"कोनत्या नियमानं करू?"

"कर्ज फेडाच्या नियमानं!"

"मुदतीत फेडाचा नियम हाय. मुदतीच्या आंधी फेडाचा नाई," विश्वनाथ म्हणाले. "अर्ज करा. कारन लिहा. अन् जामीनदाराची सही आना."

दसरा पंधरा दिवसांवर आला होता. मनोहररावांनी तिथल्या तिथे अर्ज लिहिला. कारण: 'आईला पाटी आवडत नाही.' कमिटीनं तो दोनदा वाचला आणि परत पाठवला. वर तांबड्या शाईत शेरा होता, 'कारण संशयास्पद.'

रुपरावानं तर सहीला हातच लावला नाही. "तू सुटशीन अन् मी फसन," एवढंच म्हणाला. मग त्यानं घरातला रेडिओ विकला आणि तीनशे रुपये विश्वनाथांच्या टेबलावर आणून ठेवले. "जादा," तो दबक्या आवाजात म्हणाला.

रुपरावाचा रेडिओ सायकलरिक्षात बसून जाताना सगळ्या गल्लीनं पाहिला होता. रेडिओ काहून विकला, म्हणून लोकांनी विचारलं. रुपराव म्हणाला, "असंच."

झालं. संशयखोर रुपराव असा वागतो म्हटल्यावर आणखी कुठला पुरावा हवा? दोन दिवसांत सोसायटीसमोर ही रांग! कुणी शेळी विकून आलं, कुणी सायकल, एकानं तर सासऱ्यानं दिलेलं घड्याळ. काय होऊन राहिलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच सगळ्यांना घाई होती. सोळा वर्षं विश्वनाथ हप्त्यासाठी लोकांची दारं ठोठावत फिरले होते. आता लोक त्यांना दुपारचा डबा खायलाही खिडकी लावून घेऊ देईनात. खिडकीत घाम पुसता पुसता त्यांच्याही मनात आलं, सोसायटी खरंच बुडून राहिली अन् मलेच कोनी सांगितलं नाई का? ते धावतच चेअरमनकडे गेले.

चेअरमन जुने, खमके होते. "हे सारं त्या बागडेपासून सुरू झालं. त्याले मोकळा करा, पाटी काढा, अन् लोकायले दाखवा का त्याची पाटी निघाली तरी सोसायटी जागेवरच हाय!"

रुपरावाला बोलावून चेअरमननं समोर बसवून सही घेतली. अनामतमधली रक्कम कर्जात वळती झाली. तरी व्याजाचे एकशे सत्त्याऐंशी कमी पडले. ते शामलानं तुरीच्या डाळीच्या डब्यातून काढून दिले, आणि हा डबा एवढा खोल आहे हे मनोहररावांना त्या दिवशी कळलं. दसऱ्याच्या चार दिवस आधी घराचे कागद हातात आले. पाटी मनोहररावांनी स्वतः उपटली, आणि ते पाहून सोसायटीसमोरची रांगही पांगली.

बायजाबाई दारात उभ्या राहिल्या. पाटीच्या जागी भिंतीवर चुन्याचा पांढराशुभ्र चौकोन राहिला होता. टाचा उंचावून त्यांनी त्यावरून हात फिरवला. "याच्यासाठी चहा सोडला तुनं?" त्या म्हणाल्या, "अन् मी तुले मटकेवाला समजली रे!" आणि पदर डोळ्यांना लावून त्यांनी रडून घेतलं. पाटी सोसायटीत जमा करायची होती, पण त्यांनी ती दिली नाही. "हरपली म्हना. नऊ साल तिनं मले दाबलं, आता मी तिले दाबतो," असं म्हणून त्यांनी ती तांदळाच्या कोठीखाली सारली. मनोहररावांनी दोन रुपये दंड भरला.

दसऱ्याला पारशिवनीची मंडळी आली. चंद्रभान उंबऱ्यात आला, सवयीनं त्याची मान वर गेली, तोंड उघडलं, आणि वाचायला काहीच नव्हतं. ते उघडं तोंड बघायला बायजाबाई नऊ वर्षं थांबल्या होत्या. त्यांनी स्वतःच्या हातानं त्यात पेढा घातला.

पेढा संपेपर्यंत सगळं ठीक होतं.

"भौ," चंद्रभान बोटं चाटत म्हणाला, "विहिरीवर इंजन बसवाचं हाय. आठशे कमी पडून राहिले. तू तं आता मोकळा झाला."

मनोहरराव काही बोलायच्या आत रुपराव आला. त्याला विकलेला रेडिओ परत घ्यायचा होता, तीनशे हवे होते. "तुह्यापायीच इकला ना गा!" तो म्हणाला. मग चंद्रभानच्या मेव्हण्यानं दोनशे मागितले. आणि शेवटी जय भीम करत खुद्द विश्वनाथ आले. "पोरीचं लगन काढलं, मनोहररावजी. कर्ज काढून राहिलो. तुमच्यासारखा जामीनदार मले कुठं भेटन?"

शामलानं चहाच्या कपांसोबत मागणाऱ्यांचाही हिशेब ठेवला. चार झाले. नऊ वर्षांत या घरात कुणी पाच रुपये मागितले नव्हते. लोक दारातच वाचून घ्यायचे. "उद्या सांगतो," असं सगळ्यांना म्हणता म्हणता मनोहररावांचा घसा बसला. कोपऱ्यात बसलेल्या बायजाबाई सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होत्या.

सकाळी हातोडीच्या आवाजानं मनोहरराव बाहेर आले. आई स्टुलावर उभी होती.

"माय, हे काय करून राहिली?"

"दिसत नाई का?"

"पन कर्ज फिटलं ना आपलं!"

"तुले मालूम हाय, मले मालूम हाय. कागद माह्या पेटीत हाय. मंग दुनियेले काहून सांगाचं?" बायजाबाईंनी शेवटचा खिळा ठोकला आणि खाली उतरून पाटी सरळ बसली का ते पाहिलं. या वेळी त्यांनी वर कॅलेंडर लटकवलं नाही. उलट पदरानं पाटी पुसली, अक्षरं नीट दिसावीत म्हणून.

चंद्रभान दात घासत बाहेर आला. त्यानं पाटी वाचली, मनातल्या मनात. मग आत जाऊन पिशवी भरू लागला. इंजिनाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

तेवढ्यात दुधाचा डबा घेऊन रुपराव समोरून आला आणि जागच्या जागी थबकला.

"मनोहर भौ! पुन्हा कर्ज? चार दिवसांत? काहून गा?"

मनोहररावांनी आईकडे पाहिलं. आई दुसरीकडे बघत होती.

"असंच," ते म्हणाले.

रुपरावानं दुधाचा डबा तिथेच ओसरीवर ठेवला आणि सोसायटीच्या ऑफिसकडे धावत सुटला. कर्जाचे फॉर्म संपायच्या आत त्याला पोचायचं होतं.