हैबतराव धारबहाद्दर यांच्या धारेची हकीकत

श्री जलेश्वर प्रसन्न. सकळ वाहत्या पाण्यास आणि ते जेथे अडते त्या स्थानास नमन करोन लिहिण्यास आरंभ केला. शके सत्राशे अकरा, सौम्यनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीपासोन पौर्णिमेपर्यंत राज्यात जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे.

राज्यात हैबतराव नामे मातब्बर सरदार होते. वय वर्षे अडुसष्ट, मिशा पांढऱ्या, आणि तलवार ऐशी चालविली की थोरल्या महाराजांनी खूश होऊन 'धारबहाद्दर' हा किताब दिला आणि दरबारी पहिल्या रांगेत बसण्याचा मान दिला. परंतु गेले वर्षभर त्यांस एक पीडा लागली. बसले की उठावेसे वाटे, आणि उठोन गेले की होत काहीच नसे, आणि परत येऊन बसले की पुन्हा उठावेसे वाटे. घरी हे खपोन जाते, दरबारात खपत नाही. सरदाराने दरबारातून मधेच उठणे म्हणजे उघड नाराजी, ऐसा तेथील रिवाज. श्रावणात महाराजांनी नवे दिवाण म्हणोन अंताजीपंतांचे नाव उच्चारिले, आणि त्याच क्षणी हैबतराव उठोन तडक बाहेर गेले. पंतांस ते बहुत झोंबले. आश्विनात शेजारच्या राज्याशी तहाची बोलणी निघाली, आणि तिकडील वकील तोंड उघडितो तोच हैबतराव पुन्हा उठले. मग काय विचारता! पंतांनी महाराजांचे कान भरिले की सरदार फितूर आहेत, आणि महाराजांनी हुकूम केला की पौर्णिमेस तहावर शिक्का होईल, दरबार दोन प्रहर चालेल, आणि त्या दिवशी हैबतराव तिसऱ्याने उठले तर किताब गेला आणि पहिली रांगही गेली ऐसे समजावे.

हैबतरावांनी खरे कारण कोणास सांगितले नाही. फितूर म्हटलेले त्यांस चालले, पण हे सांगणे चालेना. त्यांनी आपल्या अकलेने उपाय काढिला की पाणीच पिऊ नये, आणि दोन दिवस तांब्यास हात लाविला नाही, तेणेकरोन ओठ सुकले, जळजळ वाढली, आणि उठणे होते तितकेच राहिले. तेव्हा त्यांचे कुटुंब सगुणाबाईसाहेब, ज्यांस न सांगता सर्व ठाऊक होते, पुढे आल्या आणि म्हणाल्या, "छातीवर भाल्याचा घाव घेतलात तेव्हा गावभर दाखवीत हिंडलात, आणि मुताची गोष्ट निघाली की भिंतीकडे तोंड करता? चला, पागोटं घाला. आरोग्यशाळेत त्याचा निराळा विभाग आहे." हैबतराव म्हणाले, "लोक काय म्हणतील?" बाईसाहेब म्हणाल्या, "तिथं येणारे त्याचसाठी आलेले असतात. ते काय डोंबल म्हणणार?" मग सरदारांनी पागोटे घातले आणि ते निघाले.

मूत्रविभागाच्या ओसरीवर वीसएक थोर गृहस्थ बाकांवर बसोन तांबेच्या तांबे पाणी पीत होते आणि कोणी कोणाकडे पाहत नव्हता. हैबतरावांस वाटले हे काही व्रत असावे. तो परिचारिकेने त्यांच्याही हाती तांब्या दिला आणि म्हणाली, "काका, हा सगळा प्या. आणि बोलावीपर्यंत जायचं नाही, धरून ठेवायचं." हैबतराव म्हणाले, "बाई, धरून ठेवता आलं असतं तर इथं कशाला आलो असतो?" ती म्हणाली, "सगळे हेच म्हणतात. प्या." मग सरदार प्याले आणि पाय जुळवोन बसले, आणि काही वेळाने आत बोलावणे आले. आत वैद्य म्हणोन ज्या बसल्या होत्या त्यांचे नाव मथुराबाई. बाई पाहताच सरदार आल्या पावली फिरले, परंतु सगुणाबाईसाहेब दार अडवोन उभ्या होत्या, म्हणोन निमूट बसले. मथुराबाईंनी कागद पुढे ओढिला आणि पुसिले, "धार कशी आहे?"

हैबतरावांची छाती फुगली. म्हणाले, "उत्तम! हवेत रुमाल टाका, दोन तुकडे होतील." मथुराबाईंची लेखणी थबकली. त्यांनी पुसिले, "मधेच तुटते का?" सरदार म्हणाले, "आजवर तुटली नाही. वडिलोपार्जित आहे." तेव्हा सगुणाबाईसाहेबांनी कपाळास हात लाविला आणि म्हणाल्या, "अहो, तलवार नव्हे! बाई, तुम्ही लिहा. धार नाही, थेंब आहेत." हैबतरावांनी जमिनीकडे पाहिले, आणि वर्षभरात प्रथमच मान हालवोन होय म्हणाले, आणि त्यांस रडू येईल की काय ऐसे वाटले. मथुराबाई म्हणाल्या, "यात लाजायचं काही नाही. पुरुषाच्या मूत्रमार्गाभोवती एक सुपारीएवढी ग्रंथी असते. वय झालं की ती वाढते आणि वाट दाबते. पराक्रमाचा तिच्याशी काही संबंध नाही."

मग सरदारांस एका खोलीत एकटे धाडिले. तेथे नरसाळे मांडिले होते आणि खाली यंत्र होते, ते धारेचा वेग कागदावर रेघेने काढी. इतका वेळ जीव जात होता, आणि आता हुकूम जाहला तो एक थेंब येईना. परिचारिका दाराबाहेरोन "घाई नाही हो, काका" ऐसे म्हणोन तांब्याने घंगाळात पाणी ओतू लागली, आणि त्या आवाजाने काम फत्ते जाहले. रेघ डोंगराएवढी चढावी ती शेताच्या बांधाएवढी चढोन निजली. मग पोटावर गार लेप लावोन आत किती उरले ते दुसऱ्या यंत्राने पाहिले, आणि रक्त घेतले, आणि मग मथुराबाईंनी हातमोजा चढविला आणि कुशीवर निजण्यास सांगितले. पुढील प्रसंग बखरकार विस्ताराने लिहीत नाही. मागल्या दरवाजाने बोटभर मोहीम होती, दहा अंक मोजीतो संपली, आणि दुखले नाही, फक्त अब्रू थोडी हलली, ऐसे सरदारच पुढे सांगत.

मग मथुराबाई म्हणाल्या, "ग्रंथी मऊ आहे, लिंबाएवढी झालीय. रोज निजताना एक गोळी घ्या आणि उठताना सावकाश उठा, चक्कर येते. पाणी तोडू नका, चहा कमी करा. गोळीनं नाही भागलं तर त्याच वाटेनं दुर्बीण घालून वाट मोकळी करू, वरून कापणं नाही. दोन-तीन दिवस नळी राहील, लाल दिसेल, घाबरायचं नाही. पण कधी एकदम बंदच पडलं तर मुहूर्त बघत बसू नका, तडक या." हैबतरावांनी सर्व ऐकोन एकच पुसिले, "पौर्णिमेपर्यंत गुण येईल?" त्या म्हणाल्या, "दोन-तीन आठवडे धरा. पौर्णिमेला उठावं लागेल. महाराजांना सांगून ठेवा." सरदार म्हणाले, "प्राण देईन, पण हे सांगणार नाही." मथुराबाई म्हणाल्या, "प्राण नकोत. हा कागद ठेवा," आणि रेघेचा कागद घडी करोन त्यांच्या हाती दिला.

पौर्णिमेस दरबार भरला आणि तह वाचणे सुरू जाहले. आठ कलमे हैबतरावांनी दात आवळोन काढिली. नववे कलम नदीचे निघाले. वाचणारा खड्या आवाजात म्हणाला, "पाणी अखंड वाहते राहील, कोणी अडवू नये." आणि हैबतराव उठले. अंताजीपंत ओरडले, "पाहिलंत, महाराज! तिसऱ्यानं!" महाराजांनी पुसिले, "हैबतराव, तह मंजूर नाही?" हैबतरावांनी गुडघे जुळविले, मुजरा केला आणि म्हणाले, "तह मंजूर आहे, महाराज. दिवाणही मंजूर आहेत. तलवारीची धार शाबूत आहे. दुसरी गेली." आणि कमरेतून घडीचा कागद काढोन पुढे ठेविला. महाराजांनी तो उलगडिला आणि बहुत वेळ पाहिला. महाराजांचे वय तेव्हा एकाहत्तर होते. मग ते गादीवरोन सावकाश उतरले आणि म्हणाले, "दरबार एक घटका तहकूब," आणि हैबतरावांच्या कानाशी लागोन हळूच पुसिले, "त्या बाई कोणत्या वारी बसतात?" हे होते न होते तो मागील रांगांतून एकोणीस सरदार उठले, आणि त्या सर्वांस मागे टाकोन अंताजीपंत धावत पुढे गेले.

तात्पर्य, तह पुरा जाहला, किताब राहिला, पहिली रांग राहिली. आणि महाराजांनी नवा मान करोन दिला की दर प्रहरी प्रथम हैबतरावांनी उठावे आणि मग दरबाराने उठावे. तो मान त्यांनी पुढे बारा वर्षे भोगिला. ऐकणाराने ऐकिले, लिहिणाराने लिहिले. ज्यास शंका असेल त्याने ती दाबोन ठेवू नये.